मुलांच्या हृदयाच्या ठोक्यांचे विकार आणि ॲब्लेशन: पुढच्या वर्षांत काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला या भागांतील पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवत असतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना ॲब्लेशनच्या (हृदयातील जादा विद्युत वाट बंद करण्याच्या उपचाराच्या) दिवसाविषयी कमी आणि त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांविषयी जास्त काळजी असते, म्हणून भर त्यावरच दिला आहे. ही माहिती वाचून औषध सुरू किंवा बंद करू नये. तो निर्णय मुलाला तपासलेल्या डॉक्टरांचाच असतो.

१. माझ्या मुलाचे हृदय मध्येच जोरात धावू लागते आणि थोड्या वेळाने आपोआप शांत होते. यासाठी ॲब्लेशन का सुचवतात?

हृदयाचा ठोका वरच्या उजव्या कप्प्यातील एका गाठीतून सुरू होतो आणि मधल्या एव्ही गाठीतून खालच्या कप्प्यांत उतरतो. वरून खाली जाण्याची एरवी ही एकच वाट असते. काही मुलांमध्ये जन्मापासून आणखी एक वाट राहून गेलेली असते, तर काहींमध्ये एव्ही गाठीच्याच परिसरात दोन वाटा असतात. अशा वेळी विद्युत लहर एका वाटेने उतरते, दुसऱ्या वाटेने परत चढते आणि तिथेच गोल फिरत राहते. मोठ्या मुलांत ठोके मिनिटाला १८० ते २४० पर्यंत, तर तान्ह्या बाळांत ३०० च्या घरात जातात. डॉक्टर याला एसव्हीटी म्हणतात. गोळ्या ही लहर रोखून धरतात, पण जादा वाट तशीच राहते. ॲब्लेशनमध्ये ती वाटच कायमची बंद केली जाते. म्हणून ज्या मुलाला वारंवार झटके येतात, ज्याला औषध सोसत नाही किंवा ज्याला वर्षानुवर्षे गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्याच्यासाठी हा पर्याय पुढे येतो.

२. हे ओपन हार्ट ऑपरेशन असते का? मुलाला शॉक देतात का?

नाही, छाती उघडत नाहीत. मुलाला भूल देऊन जांघेतील शिरेतून बारीक तारा, म्हणजेच कॅथेटर, हृदयापर्यंत नेतात. आधी हृदयातील विद्युत लहरींचा नकाशा तयार होतो, याला ईपी स्टडी म्हणतात. जादा वाट सापडली की कॅथेटरच्या टोकाने त्या जागी उष्णता किंवा अतिशीत तापमान देतात. उष्णतेने पडणारा डाग काही मिलिमीटरांचा असतो. हृदयाला शॉक देऊन वाट तोडण्याची पद्धत १९८० च्या दशकात होती. त्या दशकाच्या अखेरीस रेडिओ लहरींची उष्णता वापरात आली आणि १९९० च्या दशकात मुलांसाठीही तीच रूढ झाली.

वाट बंद झाल्यावर डॉक्टर लगेच उठत नाहीत. साधारण अर्धा तास थांबून, ठोके वाढवणारे औषध देऊन, ती पुन्हा जागी होते का हे पाहतात. बहुतेक मुले दुसऱ्या दिवशी घरी जातात. जांघेत निळसर डाग पडतो, आठवड्याभरात तो हिरवट-पिवळा होत मावळतो. वाटाण्याएवढी गाठ काही दिवस हाताला लागली तर घाबरण्याचे कारण नाही, मात्र गाठ वाढत असेल, दुखत असेल किंवा पाय गार पडत असेल तर त्याच दिवशी दाखवावे.

३. आमची मुलगी सहा महिन्यांची आहे. आत्ताच ॲब्लेशन करून मोकळे व्हावे, असे घरच्यांना वाटते. डॉक्टर थांबायला का सांगतात?

यामागे दोन कारणे आहेत आणि दोन्ही तिच्याच भल्याची आहेत. पहिले असे की, तान्ह्या बाळांमधील एसव्हीटी बहुसंख्य वेळा पहिल्या वर्षातच थांबते. त्यांतील काहींना ती पुढे शाळेच्या वयात, सात-आठ वर्षांच्या सुमारास, पुन्हा होते, पण सर्वांना नाही. उलट, पाच वर्षांनंतरही टिकलेली एसव्हीटी आपोआप जाण्याची शक्यता कमी असते. म्हणजे ज्या वाटेला काळच बंद करणार आहे, तिच्यासाठी बाळाला धोक्यात घालण्याचे कारण नसते.

दुसरे कारण डागाच्या आकाराचे आहे. लहान हृदयात तेवढ्याच मिलिमीटरांचा डाग प्रमाणाने मोठा ठरतो. कोकरांवरील प्रयोगांत असे दिसले होते की, कोवळ्या हृदयाच्या खालच्या कप्प्यात पाडलेला डाग कोकराच्या वाढीबरोबर पसरत गेला. शिवाय लहान शरीरात जवळची रक्तवाहिनी किंवा हृदयाची भिंत दुखावण्याची भीती जास्त. म्हणूनच १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांत गोळ्यांनी काम भागत असेल तर तज्ज्ञ थांबतात. औषधे हरली, हृदय थकू लागले (प्रश्न १२ पाहा), तर मात्र याहून लहान बाळांतही ॲब्लेशन करतात आणि ते योग्यच असते.

४. यश किती टक्के मिळते? डॉक्टर ‘शंभर टक्के’ असे का म्हणत नाहीत?

अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी १६ वर्षांपर्यंतच्या मुलांची एकत्र नोंद ठेवली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कॅथलॅबमधून, म्हणजे कॅथेटरचे काम होते त्या खोलीतून, बाहेर पडताना वाट बंद झालेली मुले सुमारे ९६ टक्के होती. ही संख्या दिलासा देणारी आहे, पण ती सरासरी आहे. डाव्या बाहेरच्या भिंतीवरील वाटेचे यश जवळपास ९८ टक्के होते, उजव्या बाहेरच्या भिंतीवर ते ९१ टक्क्यांच्या आसपास राहिले. उजव्या बाजूला झडपेच्या कडेवर कॅथेटर स्थिर टेकत नाही, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

त्यामुळे ‘यश किती टक्के’ असे विचारण्यापेक्षा ‘माझ्या मुलाची वाट कुठे आहे’ असे विचारावे, हे आम्ही प्रत्येक पालकाला सांगतो. यश, पुन्हा होण्याची शक्यता आणि पेसमेकरचा धोका या तिन्ही गोष्टी प्रामुख्याने त्या जागेवर ठरतात. ईपी स्टडीच्या आधी ईसीजीवरून जागेचा अंदाज येतो, नेमकी जागा मात्र स्टडीतच कळते.

५. एकदा बंद केलेली वाट पुन्हा उघडते का? किती दिवसांत?

उघडू शकते. कारण उष्णता दिलेल्या जागेच्या कडेला काही पेशी मरत नाहीत, फक्त सुजून काही काळ गप्प होतात. सूज उतरली की त्यांच्यातून लहर पुन्हा वाहू लागते. वर उल्लेखलेल्या नोंदीत यशस्वी ॲब्लेशननंतर दोन महिन्यांत सुमारे ७ टक्के, सहा महिन्यांत ९ टक्क्यांच्या आसपास आणि वर्षभरात सुमारे ११ टक्के मुलांना विकार पुन्हा झाला. या आकड्यांचा चढ पाहिला तर कळते की, परतायचे असेल तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच परततो. पुढे हा वेग मंदावतो. वर्षानंतरही थोड्या मुलांत तो परतलेला आढळतो, म्हणून ‘वर्ष पार पडले, आता कधीच होणार नाही’ अशी हमी कुणी देत नाही.

येथेही जागेचा फरक मोठा आहे. एव्ही गाठीच्या परिसरातील दोन वाटांमुळे होणाऱ्या प्रकारात, म्हणजे एव्हीएनआरटीमध्ये, वर्षभरात परतण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते. उजव्या बाजूच्या मधल्या पडद्यातील (हृदयाचे डावे-उजवे भाग वेगळे करणाऱ्या भिंतीतील) वाटेत मात्र ते जवळपास चार मुलांमागे एक इतके होते. तिथे एव्ही गाठ शेजारीच असल्याने डॉक्टर हात राखून उष्णता देतात, आणि हात राखल्याची किंमत म्हणून वाट पुन्हा उघडते. आमच्या मते ही किंमत देण्यासारखी आहे, कारण दुसऱ्यांदा ॲब्लेशन करता येते, पण गेलेली एव्ही गाठ परत आणता येत नाही. दुसऱ्या खेपेला आधीचा नकाशा हाताशी असल्याने काम बहुधा सोपे होते.

६. जाळण्याऐवजी गोठवून करतात असे ऐकले. त्यातले चांगले कोणते?

गोठवण्याच्या पद्धतीत, म्हणजे क्रायोॲब्लेशनमध्ये, एक मोठी सोय आहे. कॅथेटरचे टोक आधी उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नेऊन परिणाम पाहता येतो. एव्ही गाठ मंदावू लागली तर थंडावा थांबवतात आणि ती पुन्हा पूर्ववत काम करू लागते. सारे ठीक दिसले तरच उणे ७० ते ८० अंशांपर्यंत नेऊन कायमचा डाग पाडतात. कायमचा पेसमेकर लागण्याची भीती त्यामुळे फारच कमी होते. दुसऱ्या पारड्यात, विकार पुन्हा होण्याचे प्रमाण उष्णतेच्या पद्धतीपेक्षा काहीसे जास्त आढळले आहे, मोठ्या टोकाचे कॅथेटर वापरात आल्यावर ते घटले. म्हणून एव्ही गाठीजवळ थंडावा आणि दूरच्या भिंतीवर उष्णता, असा कल अनेक ठिकाणी दिसतो. अमुक रुग्णालयात एकच पद्धत आहे एवढ्यावरून ते रुग्णालय कमी प्रतीचे ठरत नाही. डॉक्टरांचा त्या पद्धतीतील अनुभव जास्त महत्त्वाचा असतो.

७. पेसमेकर बसवायची वेळ येईल का?

पालकांच्या मनातील ही सर्वांत मोठी भीती आहे, आणि ती निराधार नाही. एव्ही गाठ दुखावली तर वरचा ठोका खाली पोहोचत नाही. त्या नोंदीत ॲब्लेशन झालेल्या मुलांपैकी सुमारे १.२ टक्के मुलांत असा अडथळा निर्माण झाला. त्यांतील प्रत्येकाला कायमचा पेसमेकर लागतो असे नाही, काहींचा अडथळा काही तासांत किंवा दिवसांत ओसरतो. डाव्या बाहेरच्या भिंतीवरील वाटेत ही भीती जवळजवळ नसते, कारण ती जागा गाठीपासून लांब आहे. मधल्या पडद्यात आणि एव्हीएनआरटीमध्ये ती असते.

फार विरळा, पण काही रुग्णांत हा अडथळा नंतर, घरी गेल्यावर दिसून आला आहे. म्हणून ॲब्लेशननंतर मूल अचानक बेशुद्ध पडले, किंवा नाडी सतत फार मंद लागत असेल, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी थांबू नये. त्याच वेळी ईसीजी काढावा.

८. ॲब्लेशन होऊन तीन आठवडे झाले. मुलगा म्हणतो, “आता सुरू होईल असे वाटते, पण होत नाही.” हे काय आहे?

हा अनुभव इतका सर्रास आहे की, डॉक्टरांनी तो आधीच सांगून ठेवायला हवा. डागाच्या आसपास सूज असेपर्यंत मध्येच एखादा जादा ठोका पडतो. पूर्वी असाच ठोका झटक्याची सुरुवात करत असे. आता गोल फिरायला वाट नसल्याने तो एकटाच पडून विरतो. शिवाय वर्षानुवर्षे झटक्याच्या भीतीत वाढलेले मूल स्वतःच्या छातीकडे सतत लक्ष ठेवून असते. जिना चढल्यावर वाढलेले साधे ठोकेही त्याला झटका वाटतात.

फरक ओळखण्याची सोपी खूण अशी: खरा झटका कळ दाबल्यासारखा एका क्षणात सुरू होतो आणि तसाच एका क्षणात थांबतो. धावल्याने किंवा भीतीने वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. शंका असेल तर धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन बारा लीडचा ईसीजी काढून घ्यावा. ती एक पट्टी दहा वर्णनांपेक्षा उपयोगी पडते. ही संवेदना बहुधा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत कमी होते. मुलाला “तुझ्या मनाचे खेळ आहेत” असे कृपया म्हणू नये.

९. हृदयात कायमचा डाग राहतो. पंधरा-वीस वर्षांनी त्याचा त्रास होणार नाही ना?

रचना निरोगी असलेल्या हृदयात, योग्य वयात केलेल्या ॲब्लेशनचा डाग लहान असतो, त्यामुळे हृदयाच्या पंपावर पुढे परिणाम होत नाही. १९९० च्या दशकात शाळकरी वयात ॲब्लेशन झालेली मुले आज तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांच्यात डागामुळे हृदय निकामी होण्याची लाट आलेली नाही.

जोखीम शून्य मात्र नाही. त्या सुरुवातीच्या काळातील नोंदींत, रचना निरोगी असलेल्या मुलांत ॲब्लेशनशी संबंधित मृत्यूचे प्रमाण हजारात साधारण एक होते. कमी वजन आणि डाव्या कप्प्यातील जादा डाग यांच्याशी त्याचा संबंध दिसला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीत एकही मृत्यू झाला नाही. हृदयाच्या भिंतीला छिद्र पडून भोवती रक्त साठणे, गुठळी होणे, झडप किंवा जवळची रक्तवाहिनी दुखावणे या गुंतागुंती विरळा आहेत, आणि त्या बहुतांशी त्याच दिवशी किंवा काही दिवसांत कळतात.

क्ष-किरणांविषयी विचारणाऱ्या पालकांचे आम्हाला कौतुक वाटते, कारण मुलाच्या पुढच्या आयुष्याचा विचार त्यात आहे. त्रिमितीय नकाशा काढणाऱ्या यंत्रांमुळे आता क्ष-किरणांचा वापर खूप कमी झाला आहे, काही ठिकाणी तो जवळजवळ शून्यावर आला आहे. रुग्णालय निवडताना हा प्रश्न जरूर विचारावा.

१०. गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या? खेळायला, पोहायला कधी सोडायचे?

ठोक्यांवरील गोळ्या बहुधा ॲब्लेशनच्या काही दिवस आधीच थांबवतात, नाहीतर स्टडीत विकार सुरूच होत नाही. यश मिळाल्यास त्या पुन्हा सुरू करत नाहीत. डाव्या बाजूला काम झाले असेल तर गुठळी होऊ नये म्हणून काही आठवडे ॲस्पिरिन देतात. ते मध्येच सोडू नये. त्या काळात ताप आला किंवा कांजिण्या निघाल्या तर डॉक्टरांना कळवावे, कारण अशा आजारांत मुलांना ॲस्पिरिन देणे सुरक्षित नसते.

शाळेत दोन-तीन दिवसांत जाता येते. सायकल, कबड्डी, खो-खो, जड दप्तर उचलणे हे साधारण आठवडाभर टाळावे, कारण जांघेतील जखम भरायची असते. पोहणे जखम पूर्ण सुकल्यावर. त्यानंतर ईसीजी ठीक असेल तर मुलाला मैदानापासून दूर ठेवू नये. घरातील प्रेमळ बंदीमुळे पुढची कितीतरी वर्षे न खेळलेली मुले आम्ही पाहतो, आणि ते पाहून वाईट वाटते. सोलापूरच्या एप्रिल-मे मधील उन्हात खेळताना पाणी भरपूर प्यावे, एवढी काळजी पुरे, कारण पाणी कमी पडले की निरोगी हृदयाचेही ठोके वाढतात आणि घरात विनाकारण घबराट होते.

११. मुलाला काहीच त्रास नाही. शाळेच्या तपासणीत ईसीजी काढला, त्यात ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ आले. तरी ॲब्लेशन करायचे का?

हा खरोखर कठीण प्रश्न आहे. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये वर्णन केलेला हा प्रकार. यात जादा वाट ईसीजीवर सरळ दिसते: क्यूआरएस ही उंच रेघ चढताना पायथ्याशी तिरका, जाडसर उतार दिसतो आणि तिच्या आधीचे अंतर आखूड होते. अनेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. पण वाट फार वेगाने लहर नेणारी असेल आणि वरच्या कप्प्यांत कधी फडफड सुरू झाली, तर ती फडफड थेट खाली उतरून जीव जाऊ शकतो. त्रास नसलेल्या व्यक्तींत हे प्रमाण वर्षाला हजारात एक किंवा त्याहून कमी मानले जाते. कमी असले तरी, धडधाकट मुलाच्या बाबतीत पहिलीच खूण ही असू शकते.

म्हणून साधारण आठ वर्षांवरील मुलांत आधी पट्ट्यावर धावण्याची चाचणी करतात. ठोके वाढताच तो तिरका उतार एका ठोक्यात, स्पष्टपणे नाहीसा झाला तर वाट कमजोर आहे. तो हळूहळू फिकट झाला किंवा टिकून राहिला तर ईपी स्टडी सुचवतात. स्टडीत फडफडीच्या वेळी दोन जलद ठोक्यांतील सर्वांत कमी अंतर २५० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी भरले, तर वाट धोक्याची मानून ॲब्लेशनचा सल्ला देतात. अशा मुलाला व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन परस्पर देऊ नये. डब्ल्यूपीडब्ल्यूमध्ये फडफड असताना ही औषधे धोका वाढवतात. कुठल्याही दवाखान्यात गेल्यावर ‘डब्ल्यूपीडब्ल्यू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.

१२. मुलीच्या इकोत हृदयाचा पंप कमजोर आढळला. कारण ठोक्यांचा विकारच आहे, असे डॉक्टर म्हणतात. ॲब्लेशनने पंप सुधारेल?

बहुतेक मुलांत सुधारतो, आणि या विषयातील सर्वांत समाधानाची गोष्ट हीच आहे. काही विकार झटक्याने येत-जात नाहीत, दिवस-रात्र चालू राहतात. वरच्या कप्प्यातील एखादी जागा सतत ठोके सोडत असते, किंवा पीजेआरटी नावाच्या प्रकारात एक मंद जादा वाट लहर सतत फिरती ठेवते. ठोके १५०-१६० असल्याने मूल तक्रार करत नाही, मात्र महिनोन्‌महिने विश्रांती न मिळालेले हृदय थकते, फुगते. इकोत पंप कमजोर दिसतो आणि हृदयाच्या स्नायूचाच आजार असल्याचा समज होतो. अशा प्रत्येक मुलाचा ईसीजी बारकाईने पाहिला जावा आणि चोवीस तासांची होल्टर तपासणी (अंगावरील छोट्या यंत्राने ठोक्यांची सलग नोंद) व्हावी. कारण सापडून ठोके ताब्यात आले की पंप काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ववत होऊ लागतो. यांना पुढील इको तपासण्या इतरांपेक्षा जास्त काळ कराव्या लागतात.

१३. जन्मजात दोषासाठी लहानपणी ऑपरेशन झाले होते. आता धडधड सुरू झाली. आमच्यासाठीही हेच आकडे लागू आहेत का?

नाहीत. वर दिलेले आकडे रचना निरोगी असलेल्या हृदयाचे आहेत. ऑपरेशनच्या टाक्यांभोवती लहर फिरू लागते तेव्हा एक फिरती वाट बंद केली तरी वर्षांनी दुसरी तयार होऊ शकते. फोंटान ऑपरेशन (एकाच खालच्या कप्प्यावर चालणाऱ्या हृदयासाठीचे) झालेल्यांत तर हृदयापर्यंत कॅथेटर नेणेच अवघड असते. एबस्टीन विकृतीत उजवी झडप खाली सरकलेली असते आणि अनेकदा एकापेक्षा जास्त जादा वाटा असतात, त्यामुळे यश कमी आणि पुनरावृत्ती जास्त. तरीही ॲब्लेशनने झटके विरळ होतात, औषधे कमी होतात, आणि या मुलांसाठी तेही मोठे यश आहे. अशा मुलांना जन्मजात हृदयदोष आणि ठोक्यांचे विकार या दोन्हींचा अनुभव असलेल्या केंद्रातच न्यावे.

१४. सर्वच ठोक्यांचे विकार ॲब्लेशनने जातात का?

नाही. लाँग क्यूटी आणि सीपीव्हीटी हे आनुवंशिक विकार संपूर्ण हृदयाच्या पेशींत असतात. तिथे बंद करायला एखादी वाट नसते. धावताना, पोहताना किंवा दचकल्यावर बेशुद्ध पडणाऱ्या मुलात आधी हे विकार तपासावेत. त्यांवर बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणाऱ्या, गोळ्या हाच मुख्य आधार आहे आणि त्या एक दिवसही चुकवायच्या नसतात. ‘दुसऱ्याच्या मुलाचे ॲब्लेशन झाले, आमचे का नाही’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा येथे सापडते.

१५. सोलापुरातून कुठे जावे लागते? खर्चासाठी योजना आहे का?

शहरातील कॅथलॅबमध्ये प्रौढांच्या अँजिओप्लास्टी नियमित होतात. मुलांच्या ॲब्लेशनसाठी मात्र सोलापूरकर सहसा पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात. पहिली पायरी म्हणून सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, किंवा आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे ईसीजी व इको करून घ्यावा. शाळा-अंगणवाडीत तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकेही पुढे पाठवण्यासाठी मदत करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या रुग्णालयाला या उपचाराची मान्यता आहे हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून, दाखल होण्यापूर्वी, विचारून घ्यावे. शिधापत्रिका आणि मुलाचे आधार कार्ड सोबत ठेवावे.

पुण्याहून परतीचा प्रवास सुमारे २५० किलोमीटरचा आहे. जांघेतील जखमेसाठी गाडी मध्ये थांबवून मुलाला पाय मोकळे करू द्यावेत आणि खोकताना जागेवर तळहात दाबून धरायला शिकवावे. रक्त येऊ लागल्यास मुलाला आडवे झोपवून दहा मिनिटे सलग दाब द्यावा, सारखे उचलून पाहू नये, आणि थांबले नाही तर १०८ ला फोन करावा. तातडी नसेल तर ॲब्लेशन उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत ठरवता येते. दहावीची परीक्षा त्यासाठी बुडवण्याची गरज बहुधा नसते. प्रश्न ११ मधील धोक्याची वाट किंवा प्रश्न १२ मधील थकलेले हृदय असेल तर मात्र सुट्टीची वाट पाहू नये.

१६. पुन्हा झटका आलाच तर घरी काय करावे?

मोठ्या मुलाला बसवून, खोल श्वास घेऊन, कुंथल्यासारखा जोर लावायला सांगावे. रिकाम्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये तोंडाने फुंकून दट्ट्या हलवण्याचा प्रयत्न करणे ही सोपी युक्ती आहे. पंधरा सेकंदांनी लगेच आडवे करून पाय वर उचलावेत. तान्ह्या बाळाच्या कपाळावर बर्फाच्या पाण्याची पिशवी, नाक-तोंड मोकळे ठेवून, काही सेकंद ठेवतात, पण ते डॉक्टरांनी प्रत्यक्ष दाखवले असेल तरच करावे. डोळे दाबण्याचा जुना उपाय कधीही करू नये, त्याने दृष्टी जाऊ शकते. मूल घामाघूम, फिकट किंवा गुंगीत असेल, किंवा झटका पंधरा-वीस मिनिटांत थांबला नाही, तर रुग्णालयात न्यावे. ईसीजीचे महत्त्व प्रश्न ८ मध्ये सांगितले आहे.

१७. पोलीस भरतीत, मुलीच्या लग्नात किंवा बाळंतपणात अडचण येईल का?

ॲब्लेशन यशस्वी झालेल्या आणि ईसीजी ठीक असलेल्या मुलाला भरतीची १६०० मीटर धाव घेण्यात हृदयाची अडचण नसते. वैद्यकीय मंडळाचा निर्णय मात्र कागदपत्रांवर होतो. ईपी स्टडीचा अहवाल, आधीचा आणि नंतरचा ईसीजी आणि अलीकडचा इको जवळ असावा. माहिती लपवण्यापेक्षा पूर्ण कागद दाखवणे हिताचे असते.

मुलींविषयी हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो. या विकाराने किंवा ॲब्लेशनने गर्भधारणेची क्षमता कमी होत नाही. उलट, एसव्हीटी असलेल्या स्त्रीला गरोदरपणात झटके वाढू शकतात आणि तेव्हा औषधांची निवड अवघड होते. त्यामुळे आधीच ॲब्लेशन झालेली मुलगी त्या बाबतीत जास्त सुरक्षित असते. यात लपवण्यासारखे काहीही नाही. बहुतेक प्रकार आनुवंशिकही नसतात, डब्ल्यूपीडब्ल्यू मात्र थोड्या कुटुंबांत एकापेक्षा जास्त जणांत आढळतो, म्हणून भावंडांचा एक साधा ईसीजी काढावा.

१८. पुढची तपासणी किती वर्षे करावी लागते?

साधारणपणे पहिल्या काही आठवड्यांत, मग सहा महिन्यांच्या आसपास आणि वर्ष पूर्ण झाल्यावर ईसीजी व तपासणी करतात. एसव्हीटीचा साधा प्रकार, निरोगी हृदय आणि त्रास नाही, अशा मुलाला त्यानंतर नियमित फेऱ्यांची गरज बहुधा उरत नाही. प्रश्न १२ आणि १३ मधील मुलांना ती अनेक वर्षे लागते. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याची फाइल त्याच्या हाती द्यावी आणि कोणती वाट, कोणत्या पद्धतीने बंद केली, हे त्याला स्वतःला सांगता यावे. आई-वडिलांनाच माहीत असलेला आजार नोकरीच्या गावी उपयोगी पडत नाही.

१९. डॉक्टरांना वाट सापडली, पण त्यांनी ती बंद न करताच काम थांबवले. पैसे आणि वेळ वाया गेला का?

नाही. वाट एव्ही गाठीला जवळजवळ चिकटून असते तेव्हा हा प्रसंग येतो. उष्णता किंवा थंडावा देताच गाठ मंदावू लागली, तर थांबणारा डॉक्टर मुलाला आयुष्यभराच्या पेसमेकरपासून वाचवत असतो. स्टडीतून वाट किती वेगाने लहर नेते हे तर कळलेलेच असते. ती संथ असेल तर गोळ्यांवर किंवा गोळ्यांशिवायही निर्धास्त राहता येते, आणि मूल मोठे झाल्यावर, हृदयाचा आकार वाढल्यावर, क्रायोॲब्लेशनने पुन्हा प्रयत्न करता येतो. वाट धोक्याची असेल तर दुसऱ्या अनुभवी केंद्राचे मत घ्यावे, आणि जाताना पहिल्या स्टडीचा अहवाल व नकाशाची प्रत मागून न्यावी.